हृदयाच्या ऑपरेशनमध्ये श्वासाचं मशीन अडलं, म्हणजे नेमकं काय झालं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वडील 63 वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायपास झाली. ऑपरेशन संपल्यावर बाहेर आलेले डॉक्टर जाता जाता म्हणाले, "मध्ये व्हेंटिलेटरच्या सर्किटचा थोडा प्रॉब्लेम आला होता, लगेच सोडवला, काळजी करू नका." वडील आता घरी आहेत, हिंडतात-फिरतात. पण मुलीच्या मनातून ते वाक्य जात नाही. हा प्रॉब्लेम म्हणजे काय, त्याने मेंदूला इजा झाली असेल का, चूक कोणाची, आणि पुढे हर्नियाचं ऑपरेशन करायचं आहे तेव्हा तिथल्या डॉक्टरांना काय सांगायचं?

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देते. तुमच्या वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा त्या दिवशी तिथे काय घडलं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ‘सर्किटचा प्रॉब्लेम’ या दोन शब्दांत काय काय मावतं आणि त्यातलं किती गंभीर असतं, ते मला नीट माहीत आहे. तुम्हाला ते व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगितलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. असं काही झालं असेल तर नातेवाइकांना खुर्ची देऊन, पाच मिनिटं काढून सांगायला हवं. ते काम मी आता जमेल तसं करते.

आधी सर्किट म्हणजे काय ते पाहू. रुग्णाच्या श्वासनलिकेत प्लॅस्टिकची एक ट्यूब असते, मोठ्या माणसाला साधारण साडेसात-आठ मिलिमीटरची. तिच्या बाहेरच्या टोकाला कनेक्टर, त्यावर ओलावा आणि जंतू अडवणारा फिल्टर, फिल्टरला कॅप्नोग्राफची, म्हणजे बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची, बारीक नळी, पुढे वाय आकाराचा तुकडा आणि तिथून निघणाऱ्या दोन वळ्यावळ्यांच्या नळ्या. एकीतून श्वास आत जातो, दुसरीतून बाहेर येतो. मशीनच्या बाजूला त्या दोन्हींच्या तोंडाशी एकेक झडप, हवा उलटी फिरू नये म्हणून. बाहेर आलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला सोडा लाईमचा डबा. आणि हे सगळं हलवणारा व्हेंटिलेटर, नाहीतर हाताने दाबायची बॅग. ट्यूबपासून मशीनपर्यंत मोजत गेलं तर दहा-बारा सांधे सहज निघतात. त्यातले बहुतेक नुसते दाबून, पीळ देऊन बसवलेले असतात. ना स्क्रू, ना क्लिप. हे मुद्दाम तसं आहे, कारण वेळ आली तर एका सेकंदात सांधा उपटून दुसरी बॅग लावता आली पाहिजे. म्हणून या तोंडांची मापंही जगभर एकच ठरलेली आहेत, 15 आणि 22 मिलिमीटर. पण जे पटकन निघावं म्हणून बनवलंय, ते नको तेव्हाही निघतं.

बॉस्टनचे जेफ्री कूपर हे मुळात इंजिनियर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूलतज्ज्ञांना बोलतं करून, अपघात कसे घडले किंवा घडता घडता राहिले ते गोळा केलं आणि 1978 मध्ये छापलं. टाळता आल्या असत्या अशा घटनांपैकी 82 टक्के माणसाच्या हातून झालेल्या होत्या. उपकरणाचा उघड बिघाड 14 टक्के होता. वारंवार घडणाऱ्या गोष्टींत सर्किटचा सांधा निसटणं अगदी वरच्या रांगेत होतं. अमेरिकेतच 1997 मध्ये नुकसानभरपाईच्या निकाली दाव्यांचा अभ्यास झाला. त्यात वायू पुरवणाऱ्या उपकरणांशी संबंधित 72 दावे होते. मशीन खरोखर बिघडल्यापेक्षा ते चुकीचं जोडलं किंवा चुकीचं वापरलं गेल्याच्या घटना तिपटीने होत्या, आणि सगळ्यात जास्त दावे पुन्हा सर्किटचेच. मशीनं त्यानंतर खूप सुधारली. पण सांधे तेच आहेत.

आणि नळ्यांच्या सांध्यांइतकेच वेळेचेही सांधे असतात. माझ्या अनुभवात हृदयाच्या ऑपरेशनमध्ये खरा धोका तिथे आहे.

इथे एका शब्दाचा घोळ दूर करायला हवा. आपण घरात ज्याला ‘बायपास’ म्हणतो, ते हृदयाच्या चोंदलेल्या रक्तवाहिन्यांना वळसा घालून नवी वाहिनी जोडण्याचं ऑपरेशन. ओटीमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, मात्र ‘बायपासवर गेलो’ असं कोणी म्हणालं, तर त्याचा अर्थ हार्ट-लंग मशीन सुरू झालं, हृदय आणि फुफ्फुसं दोन्हींचं काम पंपाने घेतलं. फिलाडेल्फियात 6 मे 1953 रोजी जॉन गिबन यांनी असं मशीन लावून एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र यशस्वीपणे बंद केलं, तिथून हे सगळं सुरू झालं. तुमच्या वडिलांचं ऑपरेशन कदाचित पंपाविनाच झालं असेल. आपल्याकडे बऱ्याच बायपास धडधडत्या हृदयावरच करतात. दोन्हींतल्या अडचणी थोड्या वेगळ्या आहेत, म्हणून दोन्ही सांगते.

साध्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये सर्किट निसटलं तर काय होतं? कॅप्नोग्राफचा पडदा बघा. प्रत्येक श्वासाला चौकोनी डोंगर उमटतो, बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. सांधा निसटला की पुढच्याच श्वासाला डोंगर गायब, रेघ सपाट, आणि अलार्म. पल्स ऑक्सिमीटर जरा उशिराने बोलतो, कारण रक्तातला ऑक्सिजन लगेच संपत नाही. पण बोलतो. हे दोघे पहारेकरी असल्यामुळे तिथे सांधा निसटणं ही बहुतेक वेळा पंधरा सेकंदांची गोष्ट ठरते.

पंप पूर्ण चालू झाला की या दोघांनाही काही दिसत नाही. फुफ्फुसांतून रक्त वाहत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड तिथे पोचत नाही, म्हणून कॅप्नोग्राफची रेघ सपाट. पंपाच्या रक्तप्रवाहाला नाडी नसते, म्हणून बोटावरचा ऑक्सिमीटर आकडा दाखवत नाही. व्हेंटिलेटर आम्ही स्वतःच बंद करतो, कारण फुगणारी फुफ्फुसं सर्जनच्या हाताखाली येतात आणि त्यांची तेव्हा गरजही नसते. आता या अवस्थेत सगळे अलार्म ओरडत राहिले तर कोणाला काम सुचणार नाही, म्हणून ते गप्प केले जातात. बऱ्याच मशीनांवर त्यासाठी वेगळा ‘बायपास मोड’च असतो. दीड-दोन तास असे जातात. मग महाधमनीवर लावलेला चिमटा, म्हणजे क्लॅम्प, निघतो, हृदय पुन्हा धडधडायला लागतं, शरीर गरम होतं, सर्जन हृदयातली हवा काढायला "लंग्ज फुगवा" म्हणतात, आम्ही बॅग हाताने दाबून मिटलेली फुफ्फुसं हळूहळू उलगडतो, आणि पंप कमी कमी होत जातो. श्वास पंपाकडून पुन्हा फुफ्फुसांकडे येतो. या क्षणी व्हेंटिलेटर चालू करणं आणि झोपवलेले अलार्म जागे करणं, ही दोन कामं कोणीतरी आठवणीने करायची असतात.

नेमकी याच वेळी ओटीत सगळ्यात जास्त गडबड असते. बीपी वरखाली, पेसमेकर लावायचा, औषधांचे इन्फ्युजन बदलायचे, रक्ताचे रिपोर्ट आलेले, सर्जन एक सांगतायत, हार्ट-लंग मशीन चालवणारा परफ्युजनिस्ट दुसरं विचारतोय.

माझ्या सुरुवातीच्या काळात हे माझ्याच हातून झालं. हृदयाची झडप बदलण्याचं ऑपरेशन होतं. फुफ्फुसं मी हाताने फुगवली, सर्जन समाधानी झाले, आणि त्याच वेळी हृदयाचा ताल बिघडला. मी बॅग सोडून हृदयाला शॉक देणाऱ्या डिफिब्रिलेटरकडे वळले. शॉक दिला, ताल सुधारला, सगळ्यांनी श्वास सोडला. रुग्णाचा श्वास मात्र बंद होता, कारण बॅगेवरून व्हेंटिलेटरवर न्यायची कळ मी फिरवलीच नव्हती. पंप अर्धा चालू असल्यामुळे बीपी छान दिसत होतं. पंप अजून कमी केला तसं सर्जन मान न उचलता म्हणाले, "रक्त काळं दिसतंय." मी मशीनकडे बघितलं, बेलोज, म्हणजे श्वास ढकलणारा मशीनचा भाता, हलत नव्हते. कळ फिरवली, शंभर टक्के ऑक्सिजन केला, परफ्युजनिस्टने पंप परत वाढवला. मिनिटभरात रक्ताचा रंग बदलला. रुग्ण बरा होऊन घरी गेला. त्या दिवसापासून पंप उतरवायच्या आधी मी मोठ्याने चार गोष्टी बोलते: व्हेंटिलेटर चालू, अलार्म चालू, कॅप्नोग्राफवर डोंगर दिसतोय, ऑक्सिजन शंभर. समोरच्या परफ्युजनिस्टने "ऐकलं" म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. कॅप्नोग्राफचा डोंगर इथे दुहेरी कामाचा असतो: तो उमटला म्हणजे हवा फुफ्फुसांत जातेय हे कळतं आणि रक्तही तिथून वाहायला लागलंय हेही कळतं.

पंपाविना होणाऱ्या ऑपरेशनमध्ये हा सांधा नसतो, पण इतर असतात. छातीचं मधलं हाड करवतीने कापताना फुफ्फुस वर येऊन जखमी होऊ नये म्हणून आम्ही क्षणभर श्वास थांबवतो, काही जण ट्यूबपासून सर्किटच काढून ठेवतात. पुन्हा जोडायचं राहून जाऊ शकतं, किंवा घाईत जोडलेलं अर्धवट बसतं. मी सर्किट काढत नाही, व्हेंटिलेटर थांबवते आणि हात कळीवरून हलवत नाही. हाताला दुसरं काम दिलं की विसर पडतो. छातीच्या आतल्या बाजूची मॅमरी धमनी काढताना फुगलेलं फुफ्फुस आड येतं म्हणून श्वास छोटे करावे लागतात, ते पुन्हा मोठे करायचेही विसरतात. हृदय उचलून मागच्या बाजूला टाके घालताना बीपी घसरतं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं.

शिवाय भूलतज्ज्ञाला ट्यूब दिसत नाही. डोकं हिरव्या चादरीखाली, दोन्ही हात अंगाशी बांधलेले, तोंडातून ट्यूब आणि शेजारून हृदयाची सोनोग्राफी करणारा टीईईचा जाडजूड प्रोब. प्रोब घालताना किंवा फिरवताना ट्यूब आतबाहेर सरकते. शरीराच्या उबेने प्लॅस्टिक मऊ पडतं आणि सर्किटच्या ओझ्याने ओठांपाशी मुडपतं. लहान बाळांमध्ये तर साडेतीन-चार मिलिमीटरची ट्यूब. मान थोडी पुढे वाकली तर ती खोल जाते, मागे गेली तर बाहेर येते, आणि प्रोबचा दाबही श्वासनलिकेवर येऊ शकतो. बाळांच्या वेळी मी चादर टाकायच्या आधी स्वतः डोक्याशी बसून बघते, मग सर्जनला थांबावं लागलं तरी चालेल.

आता एक घटना जरा तपशिलात सांगते, कारण तुमच्या वडिलांच्या बाबतीत असंच काही झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

पंपावरचं बायपास ऑपरेशन, पंप उतरवून झालेला. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनचा परिणाम काढायला प्रोटामिन द्यायला सुरुवात केली होती. प्रोटामिन हे औषध आम्ही जपून, हळूहळू देतो, कारण काही रुग्णांत त्याने श्वासनलिका आकसतात, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळतात, बीपी कोसळतं. निम्मं गेलं असेल, तेवढ्यात श्वासाचा दाब 22 वरून 46 वर गेला. कॅप्नोग्राफचा चौकोनी डोंगर तिरका झाला. बीपी 84. ओटीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच शब्द: रिॲक्शन. सर्जन म्हणाले, "प्रोटामिन थांबवा." थांबवलं. माझ्या ज्युनिअरचा हात ॲड्रिनलिनच्या सिरिंजवर गेला. परफ्युजनिस्ट विचारत होता, पंप पुन्हा तयार ठेवू का? पुन्हा पंपावर जायचं म्हणजे हेपॅरिन पुन्हा द्यायचं, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मी फिल्टरपाशी सांधा काढला. ट्यूबमधून ‘फुस्स’ आवाज करत हवा बाहेर आली आणि दोन-तीन ठोक्यांत बीपी चढायला लागलं. फुफ्फुसात हवा अडकून बसली की छातीत दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. दाब सुटला की हृदय भरतं. मग मशीनच्या मागे टांगलेली ॲम्बू बॅग थेट ट्यूबला लावली. अलगद दाबली गेली, छाती दोन्ही बाजूंनी छान उचलली गेली. म्हणजे रुग्णाची फुफ्फुसं मोकळी होती. दोष मशीनच्या बाजूला होता.

फिल्टर काढून हातात घेतला तर जड लागला. पंपानंतर फुफ्फुसांतून थोडा फेसाळ स्राव येतो, तो ट्यूबमधून वाहत येऊन फिल्टरच्या कागदात भिनला होता. फिल्टर ट्यूबच्या पातळीखाली लोंबकळत होता, म्हणून सगळं त्यातच उतरलं. ओटीतल्या मावशींनी नवा फिल्टर दिला, तो लावला, ट्यूब सक्शन केली. दाब 20. सांधा काढल्यापासून नवा फिल्टर लागेपर्यंत मिनिटही झालं नसेल. ॲड्रिनलिन भरलेलं तसंच राहिलं. प्रोटामिन पुढे हळूहळू पूर्ण केलं.

त्या फिल्टरची किंमत काही रुपये. पण ज्या क्षणी तो तुंबला, त्या क्षणी तो हुबेहूब जीवघेण्या औषधी रिॲक्शनसारखा दिसत होता. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हीच पंचाईत आहे: बीपी पडायला, दाब वाढायला, ऑक्सिजन घसरायला शंभर खरीखुरी कारणं हजर असतात, त्यामुळे नळीचा साधा दोष शेवटी आठवतो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना क्रम उलटा शिकवते. कारण शोधायच्या आधी बॅग हातात घ्या. ॲम्बू लावा. सहज दाबली गेली तर दोष मशीनकडे, आता रुग्ण सुरक्षित आहे, निवांत शोधा. कडक लागली तर ट्यूबमधून सक्शनची नळी घाला. जात नसेल तर ट्यूब मुडपली आहे किंवा रक्ताच्या गुठळीने चोंदली आहे. सरळ जात असेल तर मग फुफ्फुसांकडे वळा: ट्यूब एकाच बाजूला गेली आहे का, दमा, फुफ्फुस फुटून हवा छातीत साठली आहे का, रिॲक्शन आहे का. या सगळ्याला मिनिटभर लागतं.

ही ॲम्बू बॅग म्हणजे स्वतःहून फुगणारी रबरी किंवा सिलिकॉनची बॅग. 1956 मध्ये डेन्मार्कमध्ये हेनिंग रुबेन या भूलतज्ज्ञाने बनवलेली ती बाजारात आली. तिला वीज लागत नाही, गॅसचा दाब लागत नाही, काही नाही मिळालं तर खोलीतली हवा ती देते. लाखो रुपयांच्या मशीनमागे ती खिळ्याला टांगलेली असते. सकाळी तिचं तोंड तळव्याने बंद करून दाबून बघायचं. दबली तर ती फुटकी. हे न करता मी भूल सुरू करत नाही.

सकाळच्या तपासणीत आणखी एक गोष्ट मी कोणावर सोडत नाही. सर्किटचं तोंड अंगठ्याने बंद करायचं, झडप मिटायची, दाब 30 पर्यंत न्यायचा आणि दहा सेकंद काटा बघायचा. घसरला तर कुठेतरी गळती आहे. बऱ्याचदा ती सोडा लाईमच्या डब्यापाशी निघते: आदल्या दिवशी ओटीतल्या वॉर्डबॉय मामांनी भुकटी बदलली आणि एखादा दाणा रबरी कडीखाली राहिला. तेवढ्या दाण्याने बेलोज भरत नाहीत. जुन्या पद्धतीचे, वरून खाली लोंबणारे बेलोज याहून फसवे असतात. सर्किट निसटलं तरी आपल्याच वजनाने खाली येत राहतात आणि सगळं सुरळीत असल्यासारखं दिसतं. तसंच निसटलेलं तोंड चादरीत किंवा उशीत रुतलं तर तिथेही थोडा दाब तयार होतो आणि कमी दाबाचा अलार्म गप्प राहू शकतो.

ऑक्सिजनच्या पुरवठ्याबद्दल थोडक्यात. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकमध्ये टाकीला गळती लागून पाइपलाइनचा दाब पडला आणि व्हेंटिलेटरवरचे वीसहून अधिक रुग्ण गेले. आमच्यापैकी कोणी तो दिवस विसरू शकत नाही. ओटीतल्या मशीनच्या पाठीला सिलिंडर असतात ते त्यासाठी. त्यांचा काटा सकाळी बघून ते बंद करून ठेवायचे, उघडे ठेवले तर पाइपलाइनचा दाब कमी झाल्यावर ते गुपचूप रिकामे होत जातात. आणि कधी पाइपमधूनच भलता वायू येतोय असा संशय आला, तर नुसता सिलिंडर उघडून चालत नाही, भिंतीवरची नळी उपटावी लागते; कारण पाइपचा दाब सिलिंडरच्या रेग्युलेटरपेक्षा जरासा जास्त ठेवलेला असतो आणि मशीन आधी पाइपमधलंच घेतं.

पंप चालू असतानाही श्वासाचं उपकरण असतंच, फक्त ते परफ्युजनिस्टच्या ताब्यात असतं: ऑक्सिजनेटर. त्याला ऑक्सिजनची नळी जोडलेली असते, मध्ये भुलीच्या वायूचा व्हेपोरायझर असतो. ती नळी निसटली किंवा व्हेपोरायझरचं झाकण सैल राहिलं, तर रक्तात ऑक्सिजन जात नाही. तिथे सगळ्यात वेगवान मॉनिटर म्हणजे डोळा. शरीराकडे जाणारी नळी लालभडक आणि येणारी काळपट असा फरक दिसला पाहिजे. दोन्ही सारख्या दिसल्या तर आधी हाक मारायची, रिपोर्टची वाट नंतर बघायची.

शेवटचा सांधा ओटी ते आयसीयू. टेबलवरून पलंगावर उचलताना ट्यूब ओढली जाते, मॉनिटर लहान, लिफ्टमध्ये अंधुक उजेड. सोबतचा बी-टाईप सिलिंडर भरलेला असेल तर त्यात दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला दहा लिटरने अडीच तास पुरतो. काटा पावावर असेल तर सदतीस-अडतीस मिनिटं. लिफ्ट अडकली तर तीही कमी वाटतात. मी पावावरचा सिलिंडर घेऊन निघत नाही.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न, मेंदूचा.

भुलीत मोठा माणूस मिनिटाला साधारण दोनशे ते अडीचशे मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत दोनेक लिटर वायू उरतो. तो बहुतांश ऑक्सिजन असेल तर श्वास थांबला तरी काही मिनिटांची शिल्लक असते. निम्मी हवा असेल तर शिल्लक बरीच कमी, स्थूल माणसात आणि लहान मुलांत त्याहून कमी. मेंदूला कायमची इजा होते ती रक्तपुरवठा किंवा ऑक्सिजन चार-पाच मिनिटं जवळजवळ तुटला तर. हृदय चालू आहे, बीपी बरं आहे आणि सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा, मिनिट-दोन मिनिटं पंच्याऐंशीपर्यंत आलं, एवढ्याने मेंदूला इजा होत नाही. हृदयाच्या रुग्णात आम्हाला त्याआधी हृदयाची काळजी असते: ऑक्सिजन कमी झाला, कार्बन डायऑक्साइड वाढला की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळतात, उजव्या बाजूवर ताण येतो, ताल बिघडतो. तसं काही झालं असतं तर वडील आयसीयूमध्ये जास्त दिवस राहिले असते आणि तुम्हाला कळलं असतं.

ते शुद्धीवर वेळेत आले, ट्यूब ठरल्याप्रमाणे निघाली, माणसं ओळखली, हातपाय हलवले, असं असेल तर त्या प्रसंगाने इजा झाली असं मानायला कारण दिसत नाही. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर काही आठवडे झोप बिघडणं, नावं पटकन न आठवणं, चिडचिड, रडू येणं हे पुष्कळांना होतं, सर्किटचा काहीही प्रॉब्लेम न होता. तेव्हा प्रत्येक विसरण्याचा संबंध तिथे जोडू नका. मात्र बोलणं अडखळणं, एका बाजूला अशक्तपणा, पैशांचे रोजचे व्यवहार न जमणं असं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टला लगेच दाखवा.

चूक कोणाची? फिल्टर तुंबला तर ती कोणाची चूक नाही, पण ओळखायला उशीर झाला तर ती भूलतज्ज्ञाची जबाबदारी. निसटलेला सांधा, विसरलेली कळ, ही जबाबदारी तर सरळ आमचीच. मला वाटतं तुम्हाला दोष शोधण्यापेक्षा काय घडलं ते कळायला हवंय, आणि तो तुमचा हक्क आहे. रुग्णालयाकडे लेखी अर्ज देऊन संपूर्ण कागदपत्रं मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत ती द्यायची असतात. त्यात ‘ॲनेस्थेशिया रेकॉर्ड’ मागा, तो डिस्चार्ज कार्डात नसतो. मग भूलतज्ज्ञांची वेळ घ्या. सर्जनची नव्हे, भूलतज्ज्ञांची. विचारा: दोष कुठे होता, ट्यूबमध्ये, फिल्टरमध्ये की मशीनमध्ये? सॅच्युरेशन कमीत कमी किती आलं आणि किती मिनिटं? त्या वेळी बीपी काय होतं? ट्यूब बदलावी लागली का? घालायला अवघड गेली का? शांतपणे विचारलेल्या या प्रश्नांची उत्तरं बहुतेक डॉक्टर देतात, कारण त्या दिवशी तेही घाबरलेले असतात आणि हे कोणाला तरी सांगायचं असतं.

हर्नियाच्या वेळी शेवटची दोन उत्तरं सगळ्यात महत्त्वाची. दोष मशीनच्या बाजूचा असेल, तर पुढच्या भुलीशी त्याचा काही संबंध नाही, फक्त माहिती म्हणून सांगा. पण ट्यूब घालणं अवघड गेलं असेल, किंवा श्वासनलिका खरोखर आकसल्या असतील, किंवा प्रोटामिनची रिॲक्शन निघाली असेल, तर ते आताच्या भूलतज्ज्ञांकडून त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या: कोणतं औषध, कोणत्या मापाची ट्यूब, कशी घातली. त्या कागदाची एक प्रत वडिलांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि एक फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. हर्नियाच्या तपासणीला जाल तेव्हा ओपीडीतच भूलतज्ज्ञांना भेटायची वेळ मागा, ऑपरेशनच्या सकाळी नको. ते कदाचित कमरेखालची भूल सुचवतील, मग ट्यूबचा प्रश्नच येणार नाही. पण वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर त्यांतली कोणती, किती दिवस आधी थांबवायची हे भूलतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना विचारूनच ठरवा. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका.